अलिफ, बे आणि शनवार तेली

धामणकर नाक्यावर उभे राहून आजूबाजूच्या पाट्या वाचा. काही डावीकडून उजवीकडे वाचाव्या लागतात, तर काही उजवीकडून डावीकडे. तुम्हांला दोन्ही येतात. ही लहान गोष्ट नाही.

सुमारे ३००० वर्षांपूर्वी आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर फिनिशियन लोक राहत. सूर आणि सैदा ही त्यांची बंदरे. या दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या लिपीत अवघी २२ अक्षरे होती. पहिले अलेफ म्हणजे बैल, दुसरे बेथ म्हणजे घर. तुमचे अलिफ आणि बे त्यांचेच वंशज. 'बैत' म्हणजे घर, हे तुम्हांला ठाऊकच आहे! शेजारच्या इस्राएली लोकांनीही याच अक्षरांत आपली हिब्रू भाषा लिहिली.

या इस्राएलींचा धर्म तो यहुदी धर्म. हजरत इब्राहीम, मूसा, दाऊद, सुलेमान ही नावे त्यांच्या ग्रंथांत आहेत आणि तुमच्या घरांतही. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या राजाने जेरुसलेमचे मंदिर पाडले व पुष्कळांना कैद करून नेले. मंदिर गेले, तरी ग्रंथ, प्रार्थना आणि शनिवारचा विसावा यांच्या आधाराने धर्म टिकला.

तो शनिवार आपल्या कोकणातही पाळला गेला. गलबत फुटून आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, त्यांतली सात जोडपी वाचली, असे बेने इस्राएल समाज मानतो. हे लोक तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. गावांवरून आडनावे पडली : किहीमकर, पेणकर, दिवेकर. घरात मराठी. नवसाला मलिदा, तो मात्र पोहे, गूळ आणि खोबरे यांचा.

मराठी आपली नव्हे, ती परीक्षेपुरती, असे म्हणणारे मला पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. बेने इस्राएलांनी धर्म सोडला नाही आणि मराठीही परकी मानली नाही. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले, तर तेथेही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले.

'यहुदी' हा शब्द तुमच्या कानी पडतो तो बहुधा युद्धाच्या बातमीत. तिथल्या राज्यकर्त्यांच्या कृत्यांबद्दल तुमचे मत जरूर असावे. पण त्या मापाने इथला शेजारी मोजणे चूक आहे, असे मी स्पष्ट म्हणेन. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ त्यांचे १८७९ सालचे प्रार्थनामंदिर आहे. येता-जाता पाहा.

मुंबईतले त्याहून जुने. ते सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. दिवेकर कंपनीच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. हे 'बनी इस्राईल' आहेत, यांचा उल्लेख कुराणात आहे, असे सांगून टिपूच्या आईने त्यांचे प्राण वाचवले, अशी आठवण त्यांचा समाज सांगतो. सुटल्यावर त्यांनी नवस फेडला. त्या मंदिराला लोक मशीदच म्हणत. मुंबईच्या मस्जिद स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले, असे मानतात.