घराच्या रेषा

रोजमेळाच्या वहीत रेषा आखलेल्या नसतील, तर जमा कोणती आणि नावे कोणती, हे पाहताक्षणी कळणार नाही. घराचेही तसेच आहे. रंग, पडदे आणि फर्निचर यांवर मोठा खर्च होतो. परंतु खोलीत पाऊल टाकताच दृष्टी कोठे जावी, हे पुष्कळदा रेषाच ठरवितात.

उभी रेषा दृष्टीला वर नेते. छत ठेंगणे असल्यास पडदे छतालगत लावून जमिनीपर्यंत सोडावेत. खोली उंच भासते. आडवी रेषा विसावा देते. बैठी आसने आणि भिंतीवरील सलग फळी यांमुळे अरुंद खोली रुंद वाटते. तिरप्या रेषेत गती असते, म्हणून शयनगृहात ती बेतानेच योजावी. वक्र रेषा सौम्य. गोल कडांचे टेबल लहान मुलांनाही कमी इजा करते.

रेषांचा किती विचारपूर्वक उपयोग करता येतो, हे नेदरलँड्समधील युट्रेख्ट येथील श्रोडर यांच्या घरात दिसते. पतीच्या निधनानंतर त्रूस श्रोडर यांनी स्वतःसाठी व तीन मुलांसाठी ते १९२४ मध्ये उभारून घेतले. रचनाकार खेरिट रीटफेल्ड हे मूळचे फर्निचरचे कारागीर. वरच्या मजल्यावर त्यांनी सरकत्या भिंती योजिल्या. दिवसा एकच मोकळे दालन, रात्री निरनिराळ्या खोल्या! कोपऱ्यातील खिडकीची तावदाने उघडली की मध्ये खांबच उरत नाही. कोपऱ्याची उभी रेषा नाहीशी होते आणि लहानसे घर बाहेरच्या मोकळ्या अवकाशाशी जोडले जाते. श्रीमती श्रोडर १९८५ मध्ये निधन होईपर्यंत तेथेच राहिल्या. २००० मध्ये या वास्तूस जागतिक वारशाचा मान मिळाला.

रेषेचा प्रश्न केवळ शोभेचा मात्र नाही. जिन्याला एकाच रंगाची चकचकीत फरशी किंवा पट्ट्यापट्ट्यांचा गालिचा घातला, की पायरीची खरी कड दिसेनाशी होते. दृष्टी मंदावलेल्या वडीलधाऱ्यांचे पाऊल तेथेच चुकते. प्रत्येक पायरीच्या कडेला उठून दिसणाऱ्या रंगाची, न घसरणारी पट्टी लावण्यास फारसा खर्च येत नाही. घराच्या नूतनीकरणाचे अंदाजपत्रक मांडण्यापूर्वी, घरातील आजी सायंकाळच्या उजेडात जिना कशी उतरते, हे एकदा पाहावे. खर्चाची पहिली नोंद कोणती असावी, हे तेथेच कळेल.