राग योग्य, पत्ता चुकीचा

सरकारी दवाखान्यात गरिबाला कोणी विचारत नाही, या आशयाचे पत्र वाचले. गर्दी, ताटकळणे हे सारे खरे आहे. पण तिथे राबणाऱ्यांना सरसकट निर्दयी ठरवणे पटले नाही.

आमची आई दिवाळीनंतर अंगणात पाय घसरून पडली. त्या दिवसांत केज तालुक्यातली गावे ऊसतोडीला गेलेली असतात. मागे म्हातारी माणसेच. मीही पुण्यात. शेजारच्या काकू तिला बाजेवर घालून जीपने न्यायला निघाल्या होत्या, तेवढ्यात कोणीतरी रुग्णवाहिकेसाठी १०८ लावला. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी आधी पाय फळीला नीट बांधला, मगच तिला उचलले. खुब्याचे हाड मोडलेल्या माणसाला बसते करणे किती घातक, हे आम्हाला तेव्हा कळले. २०१४ मध्ये राज्यात ही १०८ सेवा सुरू झाली ती गाडीत डॉक्टर देऊनच. आमच्याकडे अजून अनेकांना ती नुसती फुकटची गाडी वाटते.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रिया झाली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सिस्टर रात्रीसुद्धा तिला कुशीवर वळवायला येत. वॉर्डातले मामा तर तिला ‘आजी, आज चालायचं बरं का’ म्हणून दटावत. तेवढ्याने ती वॉकर धरायला तयार झाली, आमचे तिने ऐकले नसते!

राग काढायचाच तर पत्रलेखकांनी सरकारी दवाखान्यांतल्या रिकाम्या जागा भरण्यासाठी निवेदन काढावे. त्यावर माझी सही नक्की.

– एक वाचक, ता. केज, जि. बीड