ज्ञानकोश म्हणजे दवाखान्याचा बोर्ड नव्हे!

डहाणू-तलासरीकडचा रुग्ण मोठ्या उपचारासाठी वापी, वलसाड, सिल्वासा नाहीतर थेट मुंबई गाठतो. अनोळखी गावात कुठल्या डॉक्टरकडे जायचं? घरातला शिकलेला मुलगा मोबाईलवर शोधतो. विकिपीडियाचं पान दिसलं की सगळे निर्धास्त. "ज्ञानकोशात नाव आहे, म्हणजे डॉक्टर मोठाच असणार!"

वाचकहो, माझं भांडण या निर्धास्तपणावर धंदा करणाऱ्यांशी आहे.

विकिपीडियावर कुणीही लिहू शकतं. तुम्ही, मी, दवाखान्याचा मॅनेजर, आणि पैसे घेऊन नाव चमकवणारी एजन्सीसुद्धा. म्हणून तिथे एक साधा नियम आहे: ज्याच्यावर लेख लिहायचा, त्याच्याबद्दल इतरांनी स्वतंत्रपणे लिहिलेलं असायला हवं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचंच बघा. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या चित्रांवर देश-परदेशातल्या लोकांनी लिहिलं. त्यांना स्वतःचं पान स्वतः लिहावं लागलं नसतं. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते उघड सांगावं, असंही बंधन २०१४ पासून आहे. पाळतात किती, हा वेगळा प्रश्न.

जाहिरातीचा लेख ओळखणं अवघड नाही. "सुप्रसिद्ध", "हजारो रुग्णांना नवजीवन", कुठल्याशा समारंभातला पुरस्कार आणि शेवटी अपॉइंटमेंटची लिंक. असा लेख उडवला की आरडाओरडा सुरू होतो: आमच्या भागातल्या माणसाला मुद्दाम डावललं! या तक्रारीत तथ्याचा एक कण आहे, तो नाकारणार नाही. तलासरीत आयुष्यभर काम केलेल्या एखाद्या नर्सबद्दल वर्तमानपत्रात दोन ओळीही येत नाहीत, मग ज्ञानकोशात कुठून येणार? पण तिच्या नावाने गळा काढणारे तिच्यावर लिहीत नाहीत. ते स्वतःवर लिहितात.

आणि ही हौस महागात पडू शकते. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने एकमेकांशी जोडलेली ३८१ खाती बंद केली. ज्यांचे लेख नाकारले गेले होते अशांना गाठून, "पैसे द्या, लेख छापून देतो, नंतर सांभाळतोही" असा तो उद्योग होता. याला माझ्या भाषेत खंडणी म्हणतात.

डॉक्टरला याचा एवढा राग का? आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. रक्ताची साधी तपासणी लग्नाआधी झाली तर हे कळू शकतं. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने वेदनांचे झटके कमी होतात, पण ती डॉक्टरच्या देखरेखीखाली नियमित घ्यावी लागते. अशा आजाराच्या माहितीत कुणी "मुळापासून इलाज" असं लिहून आपल्या चूर्णाची लिंक घुसवली आणि ते वाचून एखाद्या आईने मुलाची गोळी बंद केली, तर पुढचा झटका त्या मुलालाच सोसावा लागेल. विकिपीडियावरच्या बाहेरच्या लिंकला गूगलमध्ये वजन मिळू नये, अशी सोय २००७ पासून आहे. तरी लिंका येतच राहतात, कारण वाचणारा बोट ठेवतो.

आयुर्वेदाच्या लेखावरून औषध-उत्पादकांची संघटना थेट सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये याचिका फेटाळली गेली. लेखात दुरुस्ती करता येते की, असं न्यायालयाने सुनावलं. योग्यच झालं. पुरावा असेल तर तो लेखात द्या. वकील कशाला?

आम्हा ॲलोपॅथीवाल्यांनीही फार ताठ मानेने फिरू नये. २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरला आडमार्गानेही रुग्ण खेचता येत नाहीत. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, सुट्टीवरून परत आलो, अशा मोजक्याच गोष्टी जाहीर करण्याची मुभा आहे. स्वतःवर लेख लिहवून घेणं त्या यादीत नाही, माझ्या काही मित्रांना हे आवडणार नाही तरी.

तुम्ही काय कराल? लेखाचा "इतिहास" उघडा. सगळं एकाच खात्याने लिहिलंय आणि त्या खात्याने दुसरं काहीच लिहिलेलं नाही, तर सावध व्हा. डॉक्टरच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असायलाच हवा. ॲलोपॅथीचा डॉक्टर महाराष्ट्रातला असेल तर तो क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत तपासा, गुजरातमधला असेल तर तिथल्या कौन्सिलच्या. चिठ्ठीवर क्रमांकच नसेल, तर तिथेच विचारा.