कंदील करणारे हात नाताळात रिकामे का?

दिवाळी उरकली की पुण्यातल्या कित्येक घरांत उरलेलं सामान खोक्यात भरून माळ्यावर जातं. घोटीव कागदाच्या अर्ध्या गुंडाळ्या, जिलेटीनचे तुकडे, सोनेरी पट्ट्या, दोन-चार कामट्या. त्यानंतर महिना-दीड महिन्यातच कॅम्पातली आणि रविवार पेठेतली दुकानं लाल-सोनेरी प्लॅस्टिकच्या गोळ्यांनी, साच्यातून निघालेल्या घंटांनी आणि अंगभर चमक सांडणाऱ्या माळांनी भरतात. शाळा, कार्यालयं, सोसायट्या हाच माल नेतात आणि झाडावर लटकवतात. ज्या शहरात घरी कंदील करणं अजून पुरतं विसरलेलं नाही, त्या शहराने नाताळची सजावट मात्र सगळी विकत आणावी, हे पटण्यासारखं नाही. ती इथेच व्हायला हवी आणि होऊ शकते.

नाताळ पुण्यात पाहुणा म्हणून आलेला नाही, हे आधी लक्षात घ्यावं. सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर, आजच्या क्वार्टर गेटजवळ, 1792 मध्ये शहरातलं पहिलं चर्च उभं राहिलं. पेशव्यांच्या लष्करात नोकरीला असलेल्या ख्रिस्ती शिपायांसाठी ते होतं. गुरुवार पेठेतलं पंचहौदचं चर्च 1885 मधलं. म्हणजे मॉल यायच्या कितीतरी आधीपासून पेठांमध्ये नाताळ होतो आहे. मराठी ख्रिस्ती घरांत सुरूची फांदी आणून झाड करायचं, गोठा मांडायचा, दाराशी कागदी तारा टांगायचा, ही कामं घरातल्या मुलांनी आणि मोठ्यांनी मिळून करायची असत. आज जे मागायचं आहे ते नवीन नाही.

तो तारा नीट पाहिला तर आकाशकंदिलाशी त्याचं नातं लगेच दिसतं. फिलिपिन्समध्ये नाताळात ‘पारोल’ नावाचा कंदील लावतात. बांबूच्या कामट्यांची पाच टोकांची चांदणी आणि तिच्यावर पातळ रंगीत कागद, असा तो असतो. आपल्याकडच्या कुणाही कंदील करणाऱ्याला तो न शिकवता जमेल. झाडावर टांगायची छोटी चांदणी करायला तर कामटीही लागत नाही, खराट्याचे हीर पुरतात. बोटभर लांबीचे पाच हीर टोकाला दोऱ्याने बांधले की एक चांदणी तयार. अशा दोन चांदण्या एकमेकींवर ठेवून पाचही टोकं बांधायची. मग आतल्या पाच कोपऱ्यांत हिराचेच इवलेसे तुकडे टेकू म्हणून उभे करायचे. चांदणीला लगेच पोट येतं. त्यावर पतंगाचा कागद खळीने चिकटवायचा आणि खाली क्रेपच्या झिरमिळ्या सोडायच्या. पहिली वाकडी होते. चौथी-पाचवी सरळ येते, कारण तोवर दोरा किती आवळायचा हे बोटांना कळलेलं असतं.

जर्मनीतल्या हेर्नहुट गावाच्या नावाने आज जगभर ओळखला जाणारा कागदी तारा मुळात एका शाळेतून आला. मोरावियन पंथाच्या निवासी शाळेत 1830 च्या सुमारास भूमितीचा पाठ म्हणून मुलांकडून तो करून घेत. त्रिकोणी आणि चौकोनी पायांचे सुळके कापून, दुमडून, एकमेकांना जोडायचे की तारा होतो. कोन चुकला तर शेवटचा सुळका बसतच नाही. पुण्यातल्या शाळांत कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात आजही आहे. अभ्यासक्रम मागे पडला की आधी त्याच तासावर गदा येते. एका डिसेंबरात हा तास गणिताच्या बाईंनी आणि चित्रकलेच्या सरांनी मिळून घेऊन पाहावा. फळ्यावर काढलेला कोन आणि हातात दुमडलेला कोन यांतला फरक मुलांना तिथे जसा कळेल तसा एरवी कळणं कठीण.

मराठी घरांत बारीक हातकाम नव्हतंच, असंही नाही. रुखवताच्या टेबलावर काय काय असतं ते आठवावं: मण्यांची तोरणं, टिकल्यांनी मढवलेल्या सुपाऱ्या, क्रोशाची फुलं, काड्यापेट्यांची इवली घरं. झाडावर टांगायला याहून योग्य काय असेल? संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांची गोष्ट तर आणखी जवळची. डिसेंबरातच पुण्यातल्या कितीतरी बायका ते गुंफायला बसलेल्या असतात. पांढराशुभ्र, काटेरी हलवा जरीच्या दोऱ्यात बांधून हार, मुकुट, बाजूबंद करणाऱ्या या हातांनी हिमकणाच्या आकाराची सहा पाकळ्यांची जाळी गुंफली, तर तिच्यापुढे प्लॅस्टिकचा हिमकण फिका पडेल. मुंग्यांचा प्रश्न आहे, म्हणून ती सणापुरती लावावी, किंवा हलव्याच्या जागी पांढरे मणी घ्यावेत. खणाच्या कापडाचे कंदील गेल्या काही वर्षांत घरोघरी दिसू लागले आहेत. त्याच खणाच्या कातरणांत कापूस भरून छोट्या घंटा, मासे, पक्षी सहज शिवता येतात.

सामानाविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गोठ्यावर आणि झाडावर बर्फ म्हणून थर्माकोलचे दाणे भुरभुरण्याची पद्धत आता थांबायला हवी. महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये प्लॅस्टिक-थर्माकोलबंदी आणली, तेव्हा गणपतीच्या मखरांवरून केवढी चर्चा झाली होती. पुढे 1 जुलै 2022 पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली. मखराला लागू असलेला नियम नाताळच्या झाडालाही लागू आहे, एवढं साधं आहे हे. बर्फ हवाच असेल तर पिंजलेला कापूस आहेच. बिया वापरताना मात्र जपावं. लाल-काळी गुंज दिसायला देखणी असते, पण ती विषारी. लहान मुलांच्या हाती ती देऊच नये. रिठे, सागरगोटे, सुरूची बोंडं बिनघोर घ्यावीत.

कागदासाठीही दूर जायला नको. शिवाजीनगरची हातकागद संस्था 1940 पासून आहे. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून ती निघाली. तिथे झाड न तोडता सुती कापडाच्या कातरणांपासून कागद होतो. जाड आणि लांब धाग्यांचा हा कागद दुमडला तरी चिरत नाही. त्याच्या बारीक पट्ट्या एकाच बिंदूत ओवून गोल वाकवल्या की हलका, पोकळ गोळा तयार होतो, आणि पडला तरी फुटत नाही.

हाताने केलेल्या वस्तूची किंमत प्लॅस्टिकच्या गोळ्यांच्या पाकिटाशी कधीच जुळणार नाही, हा आक्षेप खरा आहे. तो टाळून पुढे जाता येणार नाही. पण घरी आणि शाळेत करायच्या वस्तूंना तो लागूच होत नाही. विकण्यासाठी करायच्या वस्तूंबाबत उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. जर्मनीतल्या लाउशा गावात काचेचे गोळे घराघरांत फुंकले जात आणि घरातली माणसं ते रंगवत. एकोणिसाव्या शतकात त्या धंद्यावर सगळं गाव जगलं. आपल्या श्रीनगरचे कारागीर कागदाच्या लगद्याचे, हाताने रंगवलेले गोळे करतात, आणि ते नाताळसाठी परदेशी जातात. तिथल्या गिऱ्हाइकाला प्लॅस्टिक मिळत नाही म्हणून काही तो ते घेत नाही. पुण्यातल्या मोठ्या कंपन्या दर डिसेंबरात आपल्या इमारतींच्या दर्शनी भागात झाडं उभी करतात. त्यांतल्या थोड्यांनी जरी हे काम बचत गटांकडे दिलं आणि मजुरी घासाघीस न करता मोजली, तरी दिवाळीनंतर थंडावणाऱ्या हातांना आणखी महिनाभर काम मिळेल.

त्यासाठी वेळेचं गणित मात्र सांभाळावं लागेल. आगमनकाळ नाताळाच्या चार रविवार आधी सुरू होतो आणि पुष्कळ घरांत, चर्चमध्ये झाड तेव्हापासूनच सजायला लागतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भरवलेल्या प्रदर्शनाचा म्हणून काही उपयोग नाही. मागणी नवरात्रात नोंदवली जावी, तुळशीचं लग्न लागलं की काम सुरू व्हावं, आणि दिवाळीत बचत गटांना विक्रीसाठी जशा जागा मिळतात तशा त्यांना नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून पुन्हा मिळाव्यात. महापालिकेने आणि सोसायट्यांनी एवढं आत्ता ठरवलं तर पुढच्या नाताळाला ते जमण्यासारखं आहे.