जॅकेट मागायला लाज कसली?

2025 च्या रमजान ईदची गोष्ट. बासी ईदला आमच्या इनामगावच्या घरी सगळे जमले होते. पुण्याहून मी, दौंडहून बाजी आणि तिची मुले, शिरूरचे मामू, चुलतभाऊ, त्यांच्या बायका. दुपारी शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्यावर कोणीतरी म्हणाले, चला, धरणाच्या बॅकवॉटरला जाऊ, तिथे एक जण होडीतून फिरवून आणतो. दोन गाड्या भरून निघालो.

काठावर फायबरची एक होडी होती, मागे लहान इंजिन. सात-आठ माणसे नीट बसतील एवढी. आम्ही चौदा जण होतो. होडीवाला आधी म्हणाला, दोन फेऱ्या करू. आमच्यातल्याच एकाने त्याला सांगितले, "अरे एकदमच ने, फोटो सगळ्यांचा एकत्र पायजे." तो पैशाचा हिशोब करत क्षणभर थांबला आणि हो म्हणाला. फळीखाली चार लाइफ जॅकेट कोंबलेली होती. एकाचा पट्टा उंदराने खाल्लेला, दुसऱ्याचे बक्कल तुटलेले. मी ती पाहिली. बाजीची सहा वर्षांची मुलगी माझ्या मांडीवर बसली. मी तोंड उघडले नाही.

होडी मध्यावर गेल्यावर वारा सुटला. वादळ नव्हे, नेहमीचा दुपारचा वारा. लाटा काठाला लागू लागल्या, पाणी आत उडाले, पोरी ओरडल्या आणि दोघे चुलतभाऊ व्हिडिओ काढायला उभे राहिले. होडी एका बाजूला कलली. होडीवाला "बसा, बसा" म्हणून ओरडला. ते बसले, आम्ही परत आलो. काठावर उतरल्यावर मी म्हणालो, जॅकेट घालायला हवी होती. त्यावर एक जण हसून म्हणाला, "इंजिनिअरसाब डर गए. कुछ नै होता रे."

खरेच काही झाले नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही ती त्यामुळेच.

कारण उजनीला काय झाले ते मला माहीत होते. 21 मे 2024 ची संध्याकाळ. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत सात जण होते. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला आले. बाकीचे सहा जण गेले, त्यांत एक जोडपे आणि त्यांची दोन लहान मुले. एनडीआरएफला बोट पाण्याखाली पस्तीसेक फुटांवर सापडली, मृतदेह हाती लागायला तिसरा दिवस उजाडला. ही काही सहल नव्हती. त्या पट्ट्यात पाण्यातून जाणे हा रोजचा रस्ता आहे, कारण धरणाने दोन काठ तोडलेले आहेत आणि जमिनीवरून जायचे तर लांबचा वळसा पडतो. आमची घोड खाली जाऊन भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते. आमच्या दारावरून गेलेले पाणीच तिथे साठते. एवढे जवळचे असून, वर्षही पुरे झालेले नसताना, मी भाचीला मांडीवर घेऊन तशाच होडीत बसलो. "लोक काय म्हणतील" एवढ्यासाठी.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सर्व्हर दहा मिनिटे बंद पडला तरी दुसऱ्या दिवशी बैठक होते. काय चुकले, कुणाला आधी दिसले होते, दिसले तर तो का बोलला नाही, सगळे लिहून काढतात. सर्व्हर बंद न पडता थोडक्यात वाचला तरी लिहितात. पाण्याच्या बाबतीत मात्र आपण थोडक्यात वाचलो की तो पुरावा समजतो. शंभर वेळा काही झाले नाही, म्हणजे एकशे एकाव्या वेळी होणार नाही. ज्या होड्या परत आल्या त्यांच्याच गोष्टी आपण ऐकतो, म्हणून असे वाटते.

होडी उलटते कशी, हे समजायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. वजन जितके खाली तितकी होडी स्थिर. माणूस उभा राहिला की वजन वर जाते. सगळे एका बाजूला झुकले की काठ पाण्याला टेकतो. पाणी आत आले की ते एका जागी थांबत नाही, होडी जिकडे कलेल तिकडे धावते आणि तिला आणखी कलवते. जास्त माणसे घेतली की काठ आधीच पाण्याजवळ आलेला असतो, मग एक लाट पुरते. म्हणून होडीत पाय ठेवण्याआधी एकच गोष्ट बघायची सवय मी लावून घेतली आहे: सगळे बसल्यावर काठ पाण्यापासून किती वर आहे. वीतभरच असेल तर मी उतरतो. शब्दशः उतरतो, आणि दुसऱ्या फेरीची वाट बघतो.

17 जुलै 1947 ला, स्वातंत्र्याला महिना उरलेला असताना, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली. पावसाळी वारा, खच्चून भरलेली बोट, एका बाजूने लाट आली आणि घाबरलेली माणसे दुसऱ्या बाजूला धावली. सहाशेहून अधिक लोक गेले. सप्टेंबर 2021 मध्ये अमरावती जिल्ह्यात वरूडजवळ वर्धा नदीत होडी उलटली, दशक्रियेसाठी एकत्र आलेल्या नात्यातली अकरा माणसे बुडाली. ही बातमी वाचून मला आमचाच फोटो आठवतो. सगळे एकत्र, एकाच होडीत. घरातली सगळी माणसे एका फेरीत कोंबायची नाहीत, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ.

कोणी म्हणेल, होडीवाल्यांवर कारवाई करा. करावी, पण आमच्या त्या होडीवाल्याने दोन फेऱ्या सांगितल्या होत्या हे मी विसरत नाही. फेरीमागे पैसे मिळवणारा माणूस, गिऱ्हाईक जाईल या भीतीने गप्प बसला. भरायला आम्हीच लावले. आपण गिऱ्हाईक आहोत, म्हणून "नको, आम्ही थांबतो" हे वाक्य त्याच्यापेक्षा आपल्याला सोपे आहे.

आता दुसरी बाजू. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला चाललेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. त्या स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि ताबा सुटला. पंधरा जण मृत्युमुखी पडले. 'नीलकमल'ला 84 प्रवाशांची परवानगी होती, बोटीवर शंभरहून जास्त माणसे होती. पण धडक गर्दीमुळे झाली नाही. प्रवाशांची तिथे काहीच चूक नव्हती. आपण कितीही शहाणे असलो तरी समोरून येणारा चुकू शकतो, मोटरसायकलवर हेल्मेट घालतो ते यासाठीच. पाण्यावर आपल्या हातात असलेली गोष्ट म्हणजे अंगातले जॅकेट. फळीखालचे नव्हे. त्या अपघातानंतर गेटवेच्या बोटींवर जॅकेट सक्तीचे केले. ही सक्ती आमच्या धरणांच्या काठापर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल.

उजनीचे उदाहरण देऊन लोक मला सांगतात, "पोहता येणारा वाचलाच ना?" वाचला, आणि पोहायला शिकलेच पाहिजे. पण वादळात कपड्यांसकट, अंधार पडत असताना दूरचा काठ गाठणे हे दहातल्या एखाद्यालाच जमेल. शिवाय ज्याच्या हाताला लेकरू आहे त्याने काय करायचे? नेहमी सांगतात की उलटलेल्या होडीला धरून राहा, पोहत जाऊ नका. सल्ला बरोबर आहे, पण इंजिनाच्या वजनाने होडी तळाला गेली तर धरायला काही उरत नाही. जॅकेट असले की निदान वाट बघता येते.

जॅकेट घालायचे तर नीट. बक्कल लावून, पट्टे ओढून. खांद्याला धरून कुणाला तरी वर खेचायला सांगा, जॅकेट कानापर्यंत सरकले तर ते सैल आहे. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाला घातले तर मूल खालून निसटते. आपल्या बहिणींसाठी वेगळे सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही: जॅकेट बुरख्याच्या वरून घालायचे, आतून नाही, आणि लांब ओढणी पायांत येणार नाही अशी खोचून. मोठ्या लाँचमध्ये खालच्या बंद भागात बसू नका. बोट पाण्याखाली गेली तर तेच जॅकेट तुम्हाला छताला दाबून धरते, बाहेर पडता येत नाही. दाराजवळ किंवा उघड्या डेकवर जागा धरा. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग दुपारनंतर जमतात, पाणी ओलांडायचे ते सकाळी ओलांडा. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, 112 लक्षात असू द्या, समुद्रावर असाल तर तटरक्षक दलाचा 1554.

पोहण्याचे मात्र बोललेच पाहिजे. अब्बांनी मला आठव्या वर्षी पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलले. तो डबा म्हणजे माझे पहिले लाइफ जॅकेट. बाजी विहिरीच्या काठावर उभी राहून बघत होती. तिला कोणी शिकवले नाही, तिने विचारलेही होते. आज ती छत्तीस वर्षांची आहे आणि पाण्यात तिला काहीच येत नाही. आमच्या घरातली एकही बाई पोहत नाही. तुमच्या घरात किती? पडदा पाळायचा तर पाळा, पण विहीर घरच्याच रानात असते, शिकवायला आई-मावशी नसल्या तरी वडील-भाऊ असतात, शहरात महिलांसाठी वेगळ्या वेळा असलेले तलाव आहेत. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजच्या सहलीतली आपली मुले-मुली गेली. आपल्या वस्त्यांत त्या आठवड्यात काय वातावरण होते ते तिशीतल्या प्रत्येकाला आठवत असेल. त्यानंतर किती घरांनी मुलींना पोहायला घातले?

आणि तकदीर. उजनीची बातमी आली तेव्हा गावातले एक बुजुर्ग म्हणाले, "जितनी लिखी थी." त्यांच्या दुःखाचा मान राखून सांगतो, हा शब्द मयताच्या घरी धीर द्यायला आहे, होडीत चढताना वापरायला नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला आधी बांध, मग भरवसा ठेव, असे सांगितले गेले, ही हदीस मदरशात न गेलेल्यालाही पाठ असते. होडीत बक्कल लावणे म्हणजे उंट बांधणे, याहून सोपा अर्थ मला सुचत नाही.

राहिला सरकारचा भाग. 1917 चा जुना कायदा बाजूला सारून 2021 मध्ये अंतर्देशीय जहाजांचा नवा कायदा झाला. इंजिनाच्या बोटींची नोंदणी, तपासणी आणि विमा त्यात आहे, आणि बिनइंजिनाच्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर करण्याची सोय आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2017 मध्येच बोट सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. कागद कमी नाहीत. ज्यांची गावे पाण्याच्या काठाला आहेत त्यांनी ग्रामसभेत उठून तीन गोष्टी विचाराव्यात: आपल्या हद्दीत किती होड्या चालतात, त्यांची नोंद कुठे आहे, आणि प्रत्येकीत किती माणसे बसवायची हे तिच्यावर रंगाने लिहिले आहे का. जॅकेटसाठी पैसे नाहीत असे उत्तर आले तर वर्गणी काढू. मशिदीच्या कामाला काढतो, गणपतीला देतो, होडीच्या जॅकेटलाही सगळी गल्ली देईल. कुगाव-शिरसोडी पुलासारखे पूल व्हायला वर्षे लागतात, तोवर माणसे पाण्यातूनच जाणार.

डिसेंबरात आम्ही पुन्हा जमलो. पुन्हा होडीचा विषय निघाला. या वेळी मी आदल्या दिवशीच होडीवाल्याला फोन केला. धड जॅकेट किती आहेत विचारले. तो म्हणाला, सहा, तुम्ही मागच्या वेळी बोलला होता म्हणून दोन नवीन आणली. आम्ही अकरा होतो, दोन फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत जे उभे राहून व्हिडिओ काढत होते ते चुलतभाऊ या वेळी काठावर थांबून काढत होते, फोटोही तिथूनच छान आला. भाचीसाठी मी पुण्याहून तिच्या मापाचे नारिंगी जॅकेट घेऊन गेलो होतो. होडीतून उतरल्यावर तिने ते काढू दिले नाही. घरी आली, तसेच घालून दस्तरखानावर बसली आणि अम्मीच्या हातची बिर्याणी तसेच घालून खाल्ली.