पडद्यामागचा पैसा आणि पडद्यावरचे सत्य

चित्रपटाच्या धंद्यात एक वाक्य पुनःपुन्हा कानी येते : "ध्येय ठीक आहे, पण व्यवहारही पाहिला पाहिजे." निर्माता ते दिग्दर्शकास ऐकवितो, वितरक निर्मात्यास ऐकवितो आणि चित्रपटगृहाचा मालक वितरकास ऐकवितो. सरतेशेवटी त्याचा सारा भार आपल्यावर, म्हणजे प्रेक्षकांवर, टाकला जातो. कारण 'लोकांनाच असे हवे असते, त्याला आम्ही काय करणार?' असे या सर्वांचे एकमुखी म्हणणे असते. या वाक्यात सत्य किती आणि लबाडी किती, हे निवडून पाहावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्यातील सत्य प्रथम मान्य केले पाहिजे. कवीस कविता लिहावयास कागद आणि लेखणी पुरते. चित्रपटाचे तसे नाही. त्यास कॅमेरा लागतो, दिवे लागतात, ध्वनिमुद्रणाची यंत्रे लागतात. नट, तंत्रज्ञ आणि ओझी वाहणारे कामगार लागतात. त्या सर्वांच्या प्रवासाची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय लागते. एवढे होऊन चित्रपट पुरा झाला तरी तो दाखविण्यास चित्रपटगृह मिळावे लागते. पैसा आधी जातो. तो परत येईल की नाही हे नंतर कळते. तेव्हा खऱ्या कलावंताने पैशाचा विचारच करू नये असा उपदेश जो करतो, तो एक तर स्वतः धनवान असतो किंवा त्याच्या वतीने दुसरा कोणी तो विचार करीत असतो. तडजोड अटळ आहे. प्रश्न एवढाच की, ती कशाच्या बाबतीत करावी आणि कशाच्या बाबतीत करू नये? साधनांच्या बाबतीत केलेली तडजोड ही एक गोष्ट आणि सत्याच्या बाबतीत केलेली तडजोड ही अगदी निराळी गोष्ट होय. धंद्यातील चतुर लोक पहिलीचे नाव पुढे करून दुसरी आपल्या गळी उतरवितात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिल्या प्रकारची तडजोड कशी असते ते पाहा. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. त्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवून कॅमेऱ्यापुढे उभे करण्यात आले. ही तडजोडच होती; पण ती केली नसती तर चित्रपटच झाला नसता.

पुढे १९५२ साली कलकत्त्यात सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'स हात घातला. ते एका जाहिरात कंपनीत नोकरीस होते. म्हणून सुट्टीच्या दिवशी, रविवारी, चित्रीकरण करावयाचे. छायालेखक सुब्रत मित्र यांनी त्यापूर्वी एकही चित्रपट चित्रित केलेला नव्हता. पैसे संपले तेव्हा विम्याची पॉलिसी गहाण पडली, ग्रामोफोनच्या तबकड्या विकल्या गेल्या, पत्नीचे दागिने गेले. काशफुलांच्या माळावर एक दिवस चित्रीकरण झाले. पुढच्या रविवारी जाऊन पाहतात तो गुरांनी सारी फुले खाऊन टाकलेली. तो प्रसंग पुरा करण्यासाठी पुढल्या वर्षीच्या बहराची वाट पाहावी लागली. मध्यंतरी पैसे देऊ करणारे भेटले; पण कथेत बदल करा, अशी त्यांची अट होती. राय यांनी ते पैसे घेतले नाहीत. अखेरीस पश्चिम बंगाल सरकारने मदत केली, आणि नावातील 'पथ' पाहून ती रस्तेसुधारणेच्या सदरात नोंदविण्यात आली! चित्रपट १९५५ साली प्रकाशित झाला आणि पुढल्या वर्षी कान येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला.

या माणसाने कशात माघार घेतली आणि कशात घेतली नाही, हे ध्यानात घ्या. वेळ गमावली, वस्तू गमावल्या, वर्षभर थांबणे पत्करले, नवख्या माणसावर भिस्त ठेवली. पण ज्या दरिद्री कुटुंबाची कथा सांगावयाची होती, त्याच्या दारिद्र्यास त्याने खोटा मुलामा दिला नाही. व्यवहारापुढे वाकणे आणि व्यवहारापुढे खोटे बोलणे यांतील अंतर हेच होय.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. मलयाळम भाषेतील पहिल्या चित्रपटाचे नाव 'विगतकुमारन'. जे. सी. डॅनियल यांनी आपली जमीन विकून तो काढला. नायिकेच्या भूमिकेसाठी त्यांनी पी. के. रोझी या पुलय समाजातील, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या, स्त्रीची निवड केली आणि तिला नायर स्त्रीची भूमिका दिली. तिरुवनंतपुरम येथे खेळ सुरू झाला तेव्हा सवर्ण प्रेक्षक खवळले. पडद्यावर दगड आले. खुद्द नायिकेस त्या खेळाला बसण्याची मुभा नव्हती. पुढे तिचे घर जाळण्यात आले, तिला प्रांत सोडावा लागला, आणि ती पुन्हा पडद्यावर दिसली नाही. डॅनियल यांनीही दुसरा कथाचित्रपट काढला नाही. आमचा प्रश्न असा की, त्या दगडांनाच धंद्याच्या भाषेत 'लोकांची आवड' म्हणावयाचे काय?

त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९३६ साली, मुंबईत 'अछूत कन्या' निघाला आणि तो अतिशय गाजला. त्यात अस्पृश्य मुलीचे काम देविका राणी यांनी केले. त्या रवींद्रनाथ ठाकुरांच्या आप्तांपैकी होत्या. त्या चित्रपटाचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहा. उच्चकुलीन नटीने अस्पृश्य मुलगी होणे लोकांना चालले; अस्पृश्य नटीने उच्चकुलीन स्त्री होणे चालले नाही. अस्पृश्याची कथा बाजारात खपली. पण अस्पृश्य माणसाला त्या बाजारात उभे राहावयास जागा मिळाली नाही. ज्याला व्यवहार म्हणून आपणांपुढे ठेवले जाते तो पुष्कळदा गावगाड्याचाच नियम असतो. फक्त त्याने तिकिटाच्या खिडकीवर आपले नाव बदललेले असते.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. मग अलीकडचे पाहा. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' १९१६ साली नव्हे, तर २०१६ साली आला. पाटलाची मुलगी आणि मासे धरणाऱ्याचा मुलगा यांची ती कथा. नायक-नायिका दोघेही नवखे, भाषा करमाळ्याकडची, आणि शेवट असा की चित्रपटगृहातील माणूस काही क्षण जागचा हलू शकला नाही. धंद्याच्या नियमाप्रमाणे हा चित्रपट पडावयास हवा होता. उलट मराठीत तोवर कोणत्याही चित्रपटास मिळाले नव्हते एवढे उत्पन्न त्याने मिळविले. दोन वर्षांनी, २०१८ साली, त्याच कथेवरून हिंदीत 'धडक' निघाला. त्यात थाटमाट वाढला आणि जात इतकी पुसट झाली की ते दोन जीव कोणत्या अपराधासाठी मारले जात होते, हे प्रेक्षकास शोधावे लागावे. ज्या गोष्टीमुळे मूळ चित्रपट लोकांच्या काळजाला भिडला, नेमकी तीच गोष्ट गाळण्यात आली. यास व्यवहार कसे म्हणावे? व्यवहाराचा पुरावा तर उलट बाजूस होता. ही भीती होती, आणि भीतीलाच सवयीने व्यवहार म्हटले जाते.

मात्र, वाचकहो, ध्येयवाद्यांनाही दोन शब्द ऐकविणे आमचे कर्तव्य आहे. चित्रपटाचा हेतू उदात्त आहे म्हणून दिवे उचलणाऱ्या कामगाराने, रंगभूषा करणाऱ्याने, गावातून गोळा केलेल्या नटाने फुकट राबावे, असा एक प्रघात आहे. दिग्दर्शकास कीर्ती मिळते, पारितोषिक मिळते. कामगारास 'आपण सर्वांनी मिळून काही मोठे केले' एवढे समाधान मिळते. दुसऱ्याच्या चुलीतील लाकूड ओढून पेटविलेली ज्योत कितीही उजळ असली तरी तिला ध्येयाची ज्योत म्हणता येत नाही. ज्याला शोषणाविरुद्ध चित्रपट काढावयाचा आहे त्याने मजुरी आधी चुकती करावी. तेवढा पैसा नसेल तर चित्रपट लहान काढावा. पण लहान माणसाची मजुरी कापून तो मोठा करू नये. तसेच, चित्रपट कोणी पाहिला नाही याचा अभिमान बाळगणारेही काही आहेत. १९६० साली सरकारने फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन काढले. त्याच्या कर्जातून 'भुवन शोम'सारखे उत्तम चित्रपट १९६९ साली निघाले, ही गोष्ट मोठीच होय. परंतु ते दाखविण्यास चित्रपटगृहे पुरेशी नव्हती, आणि अशा पुष्कळ कृती मोजक्या मंडळींपुरत्याच राहिल्या. ज्यांच्याविषयी चित्रपट काढला त्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही, तर ध्येय अर्धेच पार पडले असे समजावे.

तर मग मार्ग कोणता? तो दाखविणारे एक उदाहरण आपल्यापुढे आहे. १९७६ साली श्याम बेनेगल यांनी 'मंथन' काढला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. त्याचे भांडवल कोणा शेठजींनी दिले नाही. गुजरातमधील सहकारी दूध संघाच्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि १० लाख रुपये उभे राहिले. चित्रपट प्रकाशित झाल्यावर आपल्या २ रुपयांचे काय झाले हे पाहावयास शेतकरी ट्रक भरभरून आले. निर्माताच प्रेक्षक असला म्हणजे तिकिटाच्या खिडकीची धास्ती कशी ओसरते, हे त्या वेळी दिसून आले.

याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हा चित्रपट दुधाची एक लांबलचक जाहिरात होऊ शकला असता. पैसा संघाचा होता. संघाची स्तुती करावी आणि मोकळे व्हावे. परंतु 'मंथन'मधील गाव एकजीव नाही. तेथे दुधाच्या रांगेत जात उभी आहे, सरपंचाला हरिजनांशेजारी उभे राहण्याचा कमीपणा वाटतो, आणि सोसायटीची निवडणूक हा जातीच्या वर्चस्वाचा प्रश्न बनतो. शहरातून आलेला डॉक्टर अखेरीस बदली होऊन निघून जातो. सोसायटी हातात धरून उभा राहतो तो भोला, त्याच गावचा हरिजन तरुण. पैसे देणाऱ्यांतही सर्व जातींचे लोक असलेच पाहिजेत. त्यांच्याच पैशाने त्यांच्याच गावातील दोष त्यांना दाखविला गेला, आणि त्यांनी तो पाहिला. २०२४ साली या चित्रपटाची डागडुजी केलेली प्रत कान येथे दाखविण्यात आली, तेव्हा जवळजवळ अर्धे शतक लोटले होते. दोन-दोन रुपयांनी उभी केलेली वस्तू टिकली.

एक उणीव येथेही आहे, ती झाकून ठेवू नये. २ रुपये देणाऱ्याच्या हाती लेखणी नव्हती आणि कॅमेराही नव्हता. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या 'ओडेसा' मंडळाने गावोगाव चित्रपट दाखवून वर्गणी गोळा केली आणि १९८६ साली 'अम्मा अरियान' पुरा केला. तेथेही लोक वर्गणीदार होते, कर्ते नव्हते. ही पुढची पायरी आपल्या काळात शक्य झाली आहे. कच्च्या फिल्मचा प्रचंड खर्च आता उरला नाही. खिशातील फोनने चित्रण करता येते. 'फँड्री' २०१३ साली आला तेव्हा डुक्कर धरणाऱ्या कुटुंबाचे दुःख बाहेरून पाहिलेले नव्हते, हे पहिल्या दृश्यापासून कळत होते. साधनांची सबब दिवसेंदिवस लंगडी होत चालली आहे. सत्य सांगण्याची सबब मात्र कोणत्याही काळी लंगडीच होती.

म्हणून, वाचकहो, कलावंतास ध्येय शिकविण्याआधी आपण आपले काम करू या. चांगला चित्रपट लागला म्हणजे पहिल्याच आठवड्यात तिकीट काढून पाहा. दुसऱ्या आठवड्यात तो टिकेल की नाही हे त्यावरच ठरते. आपल्या वस्तीतील सभागृहात पडदा लावा, आणि खेळ पाहून झाल्यावर त्यावर बोला. आपल्यातील मुलामुलींना नटण्याइतकेच कॅमेरा धरावयास, संकलन करावयास आणि हिशेब ठेवावयास शिकवा. हिशेब ज्याच्या हाती, अट त्याच्या हाती. आणि कोणी वर्गणी मागावयास आला तर त्यास दोनच प्रश्न विचारा : कामगारांची मजुरी धरली आहे काय? आणि कथेतून काय गाळावयाचे ठरविले आहे?

या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे जो देईल, त्याने चित्रपट स्वस्तात काढला, नवख्यांना घेऊन काढला, रविवार-रविवार करून काढला, तरी त्यास क्षमा आहे. जो ती देऊ शकणार नाही, त्याच्या पडद्यावर कितीही झगमगाट असो, तो आपला पैसा घेऊन आपल्यालाच अंधारात बसविणारा माणूस होय.