संत्र्याच्या फोडी आणि पवित्र त्रैक्य

पवित्र त्रैक्याचा रविवार जवळ आला की धर्मशिक्षणाच्या वर्गांत उपमांचा बाजार भरतो. पाणी, बर्फ आणि वाफ. सूर्य, प्रकाश आणि उष्णता. एकच गृहस्थ कुणाचा पिता, कुणाचा पुत्र, कुणाचा पती. संत पॅट्रिकच्या नावावर सांगितले जाणारे त्रिदल आयर्लंडहून आले, त्याची जागा आपल्याकडे बेलाच्या पानाने घ्यावी हे ओघानेच आले. आणि नागपुरात संत्र्याची आठवण न झाली तरच नवल! फोडी अनेक, फळ एक. मुले माना डोलावतात, शिक्षक समाधान पावतात. माझा आक्षेप नेमका या समाधानावर आहे.

संत्र्याची एक फोड म्हणजे संपूर्ण संत्रे नव्हे. पुत्र मात्र देवाचा तिसरा हिस्सा नाही. तो संपूर्ण देव आहे. पाण्याची उपमा याहून घातक. एकच देव प्रसंगानुसार तीन रूपे घेतो, ही शिकवण तिसऱ्या शतकात साबेल्लियसच्या नावाने ओळखली गेली आणि ख्रिस्तसभेने ती नाकारली. कुणी विज्ञानाचा आधार घेऊन म्हणेल की, ०.०१ अंश सेल्सियस तापमानाला, अत्यल्प दाबाखाली, पाण्याच्या तिन्ही अवस्था एकत्र नांदतात. खरे आहे, पण तेथेही बर्फ झालेले पाणी वेगळे आणि वाफ झालेले वेगळे. म्हणजे आपण पुन्हा फोडींवरच आलो.

हा केवळ पंडितांचा काथ्याकूट नव्हे. पिता आणि पुत्र ही एकाचीच दोन सोंगे असतील, तर गेथशेमाने बागेतील प्रार्थना म्हणजे रंगमंचावरचे स्वगत ठरते. तेथे कुणी कुणाला हाक मारली नाही, कुणी कुणाची आज्ञा पाळली नाही, कुणी कुणावर प्रीती केली नाही. ज्या मुलाला आपण बर्फाचा खडा दाखवून गप्प बसवतो, त्याच्या हातून आपण शुभवर्तमानाचा गाभाच काढून घेत असतो.

मग उपमा टाकून द्याव्यात काय? मुळीच नाही. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे जमलेल्या धर्मपित्यांनी पुत्राचे वर्णन करताना प्रकाशापासून निघालेल्या प्रकाशाचीच प्रतिमा घेतली. पण ते तेथे थांबले नाहीत. सूर्यापेक्षा किरण उणा, असा अर्थ एरियसचे अनुयायी काढतील हे ओळखून त्यांनी पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, हे त्याच वाक्यात नोंदवले. उपमा आणि तिची मर्यादा शेजारी शेजारी उभी केली. संत ऑगस्टीन यांनी त्रैक्यावरील आपल्या पंधरा भागांच्या ग्रंथात स्मृती, बुद्धी आणि इच्छा यांचा दृष्टान्त मोठ्या कष्टाने उभारला, आणि अखेरच्या भागात त्याचे उणेपण स्वतःच दाखवून दिले: ही तीन माझ्याजवळ आहेत, ती म्हणजे मी नव्हे, देव मात्र स्वतःच त्रैक्य आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने तर नियमच घालून दिला: निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य सांगितले, तरी भेद त्याहून मोठाच राहतो.

आपल्या मातीतही याचे उदाहरण आहे. १८९८ मध्ये ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी सच्चिदानंदाला वंदन करणारे संस्कृत स्तोत्र लिहिले. सत्, चित्, आनंद या वेदान्ती शब्दांत त्यांनी त्रैक्य पाहिले. पण प्रत्येक शब्दामागे पिता, पुत्र, आत्मा यांचा स्पष्ट निर्देश ठेवला. १८९९ मध्ये नर्मदेकाठी जबलपूरला त्यांनी मठाचा प्रयोग आरंभिला, तेव्हा तो प्रदेश नागपूर धर्मप्रांतात होता आणि बिशप पेल्वा यांचा त्यांना पाठिंबा होता. रोमच्या प्रतिनिधींच्या विरोधामुळे तो प्रयोग मोडला. उपाध्यायांची उपमा अपुरी आहे, हे मान्य. तीन गुण म्हणजे तीन व्यक्ती नव्हेत. पण तिच्यामागे तपस्या होती. त्याऐवजी आपण ‘आमचेही त्रिमूर्तीसारखेच’ असे शेजाऱ्याला सांगून मोकळे होतो, आणि एकाच वाक्यात त्याच्या व आपल्या अशा दोन्ही श्रद्धांवर अन्याय करतो.

प्रभूनेही दाखले दिलेच की, असे कुणी म्हणेल. दिले; पण ऐकणाऱ्याची झोप उडावी म्हणून, प्रश्न मिटावा म्हणून नव्हे. पित्याशी आपले ऐक्य कसे, हे सांगायला त्याने ना पान खुडले, ना फळ सोलले. त्याने प्रार्थना केली की, आपण जसे एक आहोत तसे माझे शिष्यही एक व्हावेत. येथे उपमेची दिशाच उलटली आहे. जगातल्या वस्तूंनी त्रैक्य मोजायचे नसून त्रैक्याने आपल्याला मोजायचे आहे.

नागपूरच्या चर्चमध्ये मराठी, हिंदी, तामिळ, मल्याळम बोलणारी माणसे एकाच वेदीभोवती उभी राहतात. भेद न पुसता एक होणे त्यांना जमते की नाही, हाच मुलांना दिसणारा खरा धडा. तो धडा फसला, तर टोपलीभर संत्री सोलूनही उपयोग नाही. तेव्हा धर्मशिक्षकांनी उपमा जरूर द्यावी; मात्र ती कुठे मोडते, हेही त्याच तासाला मुलांना दाखवावे, आणि मग त्यांना सावकाश क्रूसाची खूण करायला शिकवावे. तेथे नावे तीन घेतली जातात, पण आपण ‘नावांनी’ म्हणत नाही, ‘नावाने’ म्हणतो. त्या एका एकवचनात जे आहे, ते कोणत्याही फळात नाही.